नवा फोन जुना करण्याची विद्या

फोनच्या दुकानात शिरण्यापूर्वी शकूमावशी पायरीवर उभ्या राहून दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायच्या. नीट दाबून, अत्तराचा फाया ठेवावा तसे. मग आत जाऊन दुकानदाराला सांगायच्या, "भैया, नया मॉडेल दिखाइए. और जो बोलना है उसी में बोलिए, मुझसे नहीं."

तो बिचारा आतल्या खोलीत जाऊन दुसऱ्या फोनवरून "हॅलो, हॅलो" करायचा. मावशी डोळे मिटून रिसीव्हर कानाला लावायच्या, जसा काही शेजारी तंबोरा लागतोय.

"फीका है. दूसरा लाइए."

एकदा तो वैतागून बाहेर आला आणि म्हणाला, "माताजी, इससे ऊँचा सुनना हो तो दशाश्वमेध पर भोंपू लगवा लीजिए!" मावशींनी एका कानातला बोळा काढला, त्याच्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं, आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरचा पानवाला डोकावून गेला. "भोंपू का दाम भी बता दो बेटा, सोचेंगे!"

खरं तर मावशींचे कान भयंकर तिखट. मी वरच्या मजल्यावर चहात दुसरा चमचा साखर घातली तर खालून हाक यायची, "सातारकर, डॉक्टरनं काय सांगितलंय?"

मी त्यांचा भाडेकरू. बायको-मुलं साताऱ्यात, मी बँकेच्या बदलीनं काशीत, ब्रह्मा घाटाच्या एका गल्लीत. मुळात मी अबोल, आणि जे थोडं बोलतो त्याचाही नंतर दोन दिवस पश्चात्ताप करणारा. शाखेत कुणाच्याही हातून चूक झाली की कान माझे लाल होतात. इतकी वर्षं शकूमावशींबद्दल मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता, कारण त्यांच्या भानगडीत मी पुरता सामील होतो. आता काढतो. पोटात ठेवून ठेवून पोटाचाच आजार व्हायचा.

मावशी मुलींच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. घराणं पेशव्यांच्या काळापासून काशीत, त्यामुळे मराठी अशी की निम्मी हिंदी गंगेत धुऊन वाळत घातल्यासारखी. "अरे, हे मॉडेल बेकार झालं. बाजारात त्याहून बढिया निघालंय," एवढं वाक्य कानावर आलं की मी स्कूटरची किल्ली शोधू लागायचो. मावशी मागे बसायच्या आणि गोदौलियाच्या गर्दीत माझ्या खांद्यावर थापा मारायच्या. "चल, चल! तो रिक्षावाला पुढे गेला! संपतील ना फोन!"

ती वर्षंच तशी होती. काल बटणांचा फोन आला म्हणून गल्लीत पेढे वाटावेत, तर आज त्यात शेवटचा नंबर लक्षात ठेवणारं बटण यायचं, उद्या रिसीव्हर न उचलता बोलता येणारा भोंगा. आणि दर वेळी किंमत चढलेली. मावशी किंमत रुपयांत सांगत नसत, साड्यांत सांगत. पहिला बटणांचा फोन सुती साडीत आला. भोंग्यावाला रेशमीत. दिवा लुकलुकणारा आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "हा शालूत जाणार."

"मावशी, आवाज तोच, माणूस तोच, बोलणंही तेच," मी म्हणायचो. "वर्षाला नवा फोन घेऊन काय जास्त मिळतं?"

"तुझा तो चष्मा कितवा?"

"तिसरा."

"का? अक्षरं तीच होती ना?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

मोबाइल नावाची चीज निघाली आहे आणि त्यात समोरच्याचा फोन घ्यायलाही पैसे पडतात, हे मी त्यांना घाबरवायला सांगितलं. त्या खुर्चीवरून उठल्याच. "ऐकण्याचेही पैसे? वा! मग तरी लोक ध्यान देऊन ऐकतील!"

आता गंमत अशी, की एवढे फोन घेणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या कोनाड्यात टेलिफोन खात्यानं दिलेलं काळं धूडच बसलेलं असे. बोट घालून फिरवायची तबकडी, एका हाताला न पेलणारा रिसीव्हर. नवे फोन जायचे कुठे? समोर. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही घरांच्या वरच्या खिडक्यांतून वाटीभर साखर सहज इकडून तिकडे जाई. मावशींच्या फोनची एक तार त्या खिडकीतून समोरच्या खिडकीत गेलेली होती; नंबर एकच, वाजायचं दोन्हीकडे. तिच्यावर माकडं झोके घ्यायची आणि मावशी त्यांना वर्गात बोलावं तसं बोलायच्या, "उतर खाली! नाव काय तुझं?"

समोर राहायचे अग्निहोत्रीकाका आणि दुर्गाकाकू. काकांच्या घरात सकाळ-संध्याकाळ होम. तो पत्नीवाचून होत नाही, म्हणून काकूंना गाव सोडून एक रात्रही बाहेर काढता येत नसे. लग्न होऊन या गल्लीत आल्या त्या आल्या. त्यांची एकुलती एक वैजू नागपुरात दिली होती. तिच्या घरी काकू कधीही गेल्या नव्हत्या. दुर्गाकाकू आणि शकूमावशी एका बाकावर शिकलेल्या, एकमेकींच्या परकरांना गाठ मारून पळणाऱ्या मैत्रिणी. अलीकडे काकूंना ऐकू कमी येऊ लागलं होतं. तेव्हा कानात कापूस कशासाठी, ते आता सांगायला नको.

पण फोन उचलून सरळ द्यायची सोय नव्हती. काका प्रतिग्रह घेत नसत. दान नाही, भेट नाही, यजमानानं पुढं केलेलं फळसुद्धा नाही. व्रतच होतं. मात्र त्यांचंच एक मत होतं, की कुणी वापरून टाकलेली वस्तू हे दान नव्हे, तो शेजारधर्म. मावशींनी ही फट हेरली. आणि त्यातून जन्माला आली नवा फोन जुना करण्याची विद्या.

खोक्यातून फोन निघाला की आधी त्याच्यावरचं पातळ प्लास्टिक जायचं. मग मावशी भाजीची फोडणी करता करता हळदीच्या बोटांनी त्याची बटणं दाबायच्या. मला हुकूम सुटायचा, "सातारकर, कचोरी खाल्लीस ना? हात धुऊ नकोस. इकडे ये, याला धर." मी तेलकट हातांनी रिसीव्हर धरून भिंतीशी "हॅलो" म्हणत बसायचो. एका कोपऱ्याला चिकटपट्टी लागायची, जिथे काही तुटलेलं नसायचं. आठवडाभर खिडकीत उभं राहून, काकांना ऐकू जाईल अशा बेतानं, फोनची बदनामी चालायची. "छे! कसला खराब फोन! ठगलं मला मेल्यानं! कबाडीला देते आता!" मग पलीकडून काकू म्हणायच्या, "अगं, कबाडीला कशाला? आमच्याकडे ठेव." संपलं. काम फत्ते. दोघी खिडकीत तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मी तेलकट हात घेऊन मागे उभा.

एकदा मात्र माझी घटका भरली. ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढताना काका समोर आले. ओलं धोतर, हातात गंगेचा तांब्या.

"सातारकर, तुम्ही खोटं बोलत नाही असं ऐकतो. तो भोंग्याचा फोन आमच्याकडे आला. टाकलेलाच आहे ना?"

"वापरलेला आहे, काका. मी स्वतः वापरलाय."

"चालतो तर उत्तम. मग टाकला का?"

माझे कान पेटले. गंगा समोर, सूर्य वर, पुढ्यात अग्निहोत्री. मी म्हणालो, "मावशींना… कंटाळा फार लवकर येतो."

काकांनी मान हलवली. "उधळी आहे. गणिताची बाई असून हिशेब येत नाही. पण मनानं वाईट नव्हे हो." आणि वर निघून गेले. ज्या बाईनं स्वतःसाठी कधी एक शालू घेतला नाही, तिला माझ्या तोंडून उधळी ठरवून घेतलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. मावशींना सांगितलं तर त्या आनंदानं टाळ्या पिटू लागल्या. "शाब्बास! कंटाळा! हे मला सुचलं नसतं!"

मग वैजूला दिवस गेले. पहिलटकरीण. आईनं जायचं, तर आईला जाता येत नाही. गल्लीत तोंडं उतरली, फक्त मावशी पेटून उठल्या. काकूंची अडचण त्यांनी हेरली होती. घंटी स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, आणि दिवा लुकलुकताना दिसून गुडघे सावरत कोनाड्यापर्यंत जावं तर फोन बंद झालेला. उपाय बाजारात नुकताच आला होता. बिनतारेचा फोन! कमरेला खोचून घरभर फिरा. किंमत ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो.

"मावशी, हे अती होतंय. चार महिन्यांनी हाच अर्ध्यावर येईल. थांबा."

"वैजूला सांग ना थांबायला."

"निदान याच्याहून साधा…"

"सातारकर," त्या कापूस काढत म्हणाल्या, "माझ्या नशिबी अस्सल जरीचा शालू होताच कुठे? हा तरी घेऊ दे."

घेतला. जुना करायला वेळ नव्हता, म्हणून दोन दिवसांत हळद, तेल आणि बदनामी एकदमच उरकली. आधीचे फोन माळ्यावर गेले आणि काकू तो कमरेला खोचून हिंडू लागल्या. वैजू नागपूरहून फोन करायची, इकडे आमचं धूड खणखणायचं, तिकडे काकूंच्या कमरेला गुदगुल्या व्हायच्या. "शकू, अगदी कानात बोलते गं वैजू!" काकू खिडकीतून ओरडायच्या. मावशी आठवडाभर तरंगत होत्या.

आणि त्या दुपारी वीज गेली. गल्लीला त्याचं काय अप्रूप? पण चारच्या सुमाराला आमचं धूड खणखणलं. मावशींनी झडप घातली. "वैजू? अगं, काय? काय म्हणतेस!" आणि माझ्याकडे वळून, "दुर्गीला तिचा फोन उचल म्हणावं!"

समोर काकू कमरेचा फोन कानाला लावून, झटकून, पुन्हा लावून बघत होत्या. विजेवाचून तो मुका होता. एवढा शालू, आणि गेला चिंधीच्या मोलानं. काकूंचं तोंड कसनुसं झालं. जिना उतरून, गल्ली ओलांडून, आमचा जिना चढून येईतो एसटीडीचा कॉल कुठला टिकायला?

मावशींनी क्षणभरच इकडे तिकडे पाहिलं. मग काळं धूड तारेसकट ओढत खिडकीत आणलं, रिसीव्हर एका कानाला लावला आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला.

"आई! मुलगी झाली!"

गल्लीतले लोक थबकले. काकूंनी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले.

"आई, मी बरी आहे!" मावशी वैजूचा शब्द न् शब्द तसाच पलीकडे पोहोचवत होत्या. "आई, रंग तुझा आहे! आई, नाक बाबांचं, पण चालेल!" खालून पानवाला ओरडला, "बधाई हो माताजी!" काकाही आतून आले, दारात उभे राहिले, पंच्यानं डोळे पुसत म्हणाले, "विचारा, वजन किती?" मावशींनी वजनही ओरडून सांगितलं. आख्खी गल्ली बाळंत झाली होती.

मी मावशींच्या अगदी शेजारी होतो, म्हणून मलाच ते ऐकू आलं. लाइन कटली होती. रिसीव्हरमधून नुसता टूं टूं आवाज. मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी तो झटकला.

"आई, तू जेवलीस का?" त्या ओरडल्या. "आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? आई, मला काही म्हणजे काही नको, तू फक्त खिडकीत येत जा! रोज येत जा! आई, सगळे आपापल्या घरी जातात गं संध्याकाळी…" रिसीव्हर कानावरून घसरून खांद्याखाली आला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

काकूंना होता. त्या समोरच होत्या, आणि डोळे त्यांचे शाबूत होते. कितीतरी वेळ त्या मावशींच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग गजांतून हात बाहेर काढला, जितका लांब होईल तितका.

"शकू," त्या म्हणाल्या, "फोन ठेव तो. आणि बोल."