श्रावण काकाजींची जनरल शिफ्ट

सकाळी शाळेची व्हॅन कोपऱ्यावरून वळली, की आमच्या ले-आऊटमध्ये मिलचा भोंगा वाजतो. जवळपास मिल कुठेच नाही. शेजारचे श्रावण काकाजी गेटपाशी उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो पोटातून काढतात. ‘भोंऽऽऽ’ संपला, की खाली बघून अदबीने विचारतात, “साहेब, पाळी सुरू करू का?” साहेब म्हणजे त्यांची नात पिहू. वय दोन वर्षं आणि पायात बहुधा एकच मोजा.

मी कंपनीचं काम घरून करते. मीटिंगमध्ये हा भोंगा पुण्यातल्या साहेबांनाही ऐकू जातो. “तुमच्याकडे फॅक्टरी आहे का?” असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी सरळ हो म्हणून टाकलं. काकाजी समजावून सांगण्यापेक्षा फॅक्टरी सोपी.

पिहूचा थोरला भाऊ आधीपासून शाळेत आहे, मधला यंदा जाऊ लागला. मुलगा आणि सूनही कामावर गेले, की घरात हे दोघंच उरतात. काकाजींची सारी उमर बुटीबोरीला कापडाच्या मिलमध्ये गेली, त्यामुळे घरही त्यांनी खात्यांत वाटून टाकलं आहे. स्वयंपाकघर म्हणजे कँटीन. बाथरूम म्हणजे कापड रंगवायचं डाइंग खातं. पिहूने भोकाड पसरलं, की ब्रेकडाऊन. दुपारी ती झोपली, की काकाजी कुंपणावरून कुजबुजतात, “लूम बंद हाये वं बेटा, मिक्सर नको लावू.” मग माझी चटणी चार वाजेपर्यंत खोळंबते.

संध्याकाळी सून स्वाती बँकेतून आली, की चार्ज द्यायचा कार्यक्रम. काकाजी ताठ उभे राहून सांगतात, “वरण-भात खाल्ला. एक ब्रेकडाऊन. बटन गिळल्याचा डाऊट होता, पण सोफ्याखाली सापडलं.” स्वातीच्या एका हातात पर्स, दुसऱ्यात मेथीची जुडी. तरी तिने पिहूचा हात धरल्याशिवाय काकाजी दुसरा हात सोडत नाहीत. “चालू मशीनवर पुढच्या पाळीच्या रिलीव्हरचा हात पडला नाही, तोवर आपला हात काढाचा नाही. मिलचा कायदा हाये,” म्हणतात. स्वाती बिचारी मेथी बगलेत धरून हात पुढे करते.

याच कायद्याने एकदा घात केला होता. थोरल्या नातवाला पहिल्यांदा शाळेत सोडायला काकाजी गेले. बाई दारातून “ये बाळा, ये” म्हणत होत्या, पण हात काही पुढे करेनात. त्यामुळे काकाजी सोडेनात. पोराने आकांत मांडला, मागे रिक्षांची रांग लागली, आणि हे त्याला घेऊन सरळ घरी परतले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी स्वातीला बिनपगारी रजा घेऊन स्वतः जावं लागलं, तेव्हा कुठे पोरगा रुळला.

म्हणून दिवाळीनंतर पिहूला प्ले-स्कूलमध्ये घालायचं ठरलं, तेव्हा घरात ठिणगी पडली. काकाजींनी चक्क संप पुकारला. रात्री ताटावर बसेनात. “काहून पाठवता तिले? इथं का कमी हाये? कँटीन हाये, आराम हाये!” स्वाती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन डोळे पुसत म्हणाली, “ताई, तिला चार पोरांत खेळू द्यायला नको का? आणि ती रडली, की बाबा पुन्हा घेऊन येतील. या वेळी मला रजा नाही मिळणार.”

त्याच सुमारास एक गूढ सुरू झालं. काकाजी दुपारी पिहूला घेऊन माझ्या दारात येऊ लागले. “हात लाव वं बेटा.” मी तिचा हात धरला, की म्हणायचे, “बिडी मारून येतो.” आता हा माणूस जन्मात बिडी प्यालेला नाही. पहिल्या दिवशी पिहूने टाहो फोडला, तसे धापा टाकत परत आले. पण मग रोज थोडे अधिक रेंगाळू लागले. मी मुळातच चौकस. यांना साखरेचा आजार आहे, तेव्हा कोपऱ्यावर जिलबी चालली असणार, असा मी निष्कर्षही काढून टाकला.

एका दुपारी पिहूपुढे कपड्यांच्या चिमट्यांची टोपली ठेवली आणि खिडकीतून वाकून पाहिलं. बाहेर ताडपत्री घालून ठेवलेल्या आमच्या कूलरमागे काकाजी उकिडवे बसले होते. चपला हातात, कान भिंतीला.

“काकाजी! इथं काय करून राहिले?”

“हळू बोल वं. तिले ऐकू जाईन.”

“आणि बिडी?”

“बिडी कायची! सवय लावून राहिलो तिले. शाळेत आबाजी थोडीच राहीन? बड्याच्या वक्ताले चूक माह्यीच होती. पोट्टं रडे अन् माह्यानं सोडवे नाही. इचं तसं नाही होऊ देत.”

“मग स्वातीला सांगा की!”

“नको सांगू. मी अजून संपावर आहो.”

मी हो म्हटलं आणि शब्द पाळला. चौकस माणसाला हे किती जड जातं, ते त्यालाच ठाऊक.

गेल्या आठवड्यात एका दुपारी काकाजी पिहूला सोडून गेले, ते बराच वेळ परत आलेच नाहीत. पिहू माझ्या ओढणीच्या काठाला चिमटे लावण्यात गुंग होती. शेवटी ते दारात आले, खाकरले. तिने मान वर केली, “आबा, टाटा,” म्हणाली आणि पुढचा चिमटा उचलला.

काकाजी उंबऱ्यातच थांबले.

“जमलं,” म्हणाले. “आता पाठवाले हरकत नाही.”

“मग संप मिटला म्हणायचा!” मी म्हटलं. ते हसले, पण जरा उशिराच. मी पिहूचा हात त्यांच्याकडे द्यायला गेले, तर म्हणाले, “खेळू दे तिले.” तरी पाय काही निघेना. चपला या हातातून त्या हातात झाल्या.

“मी बसू का वं बेटा थोडा वेळ इथं? घरी कोणी नाही.”

मीटिंग सुरूच होती. मी लॅपटॉप मिटला, खुर्ची पुसली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.