नरसय्याकाकांच्या पोटातलं कापड

नरसय्याकाका भेटले की आधी नमस्कार नाही, आधी तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरतात. अंगठ्यानं चोळतात, उजेडाकडं वळवून बघतात आणि म्हणतात, "बरं हाय. पण माझ्या पोटातलं ह्याच्यापेक्षा भारी हाय."

नवख्याला वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. तसं काही नाही. काकांच्या पोटात खरोखरच कापड आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. फुटली असती तर काका दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोचले नसते. डॉक्टरांनी जांघेतून एक नळी आत सरकवली आणि फुगलेल्या जागी बसवली. बारीक तारांची जाळी आणि तिच्यावर पॉलिस्टरचं कापड. ज्या माणसाचा जन्म सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या मागांवर गेला, तो आता गप्प बसेल होय?

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी त्यांना ताप भरला. त्यांचा मुलगा श्रीनू घाबरला, शेजारी म्हणून सोबत गेलेला मीही घाबरलो. काका मात्र शांत. डॉक्टर आल्यावर म्हणाले, "कोरं कापड न धुता घातलाव की तुमी. खळ उतरायलीय रक्तात."

डॉक्टर भला माणूस. खाटेजवळ बसून त्यांनी सांगितलं की खळबीळ काही नाही, परकं कापड आत आलं की शरीर थोडं चिडतं, ताप येतो, चार-आठ दिवसांत शमतो. पुढं कडेला रक्तवाहिनीची भिंत त्या कापडाला धरून घेते, त्यावर आपलं पातळ अस्तर चढवायला लागते. रक्त नळीतून जायला लागलं की बाहेरच्या फुगलेल्या भिंतीवरचा दाब कमी होतो आणि ती हळूहळू आकसते. पण कुठून मागं रक्त झिरपलं, किंवा नळी धरलेल्या जागी भिंत सैल पडून नळी सरकली, तर पुन्हा धोका. म्हणून दरवर्षी सीटी स्कॅन काढून बघायचं.

काकांनी हे सगळं मनावर घेतलं आणि त्या भिंतीला घरातलं माणूस करून टाकलं. "आज भिंत बरी हाय." "काल मिरचीभजी खाल्ली, भिंतीला पटलं न्हाय." मी विनोद केला की दोन्ही हातांनी पोट धरून ओरडायचे, "हसवू नको बे, नळी सरकंल!" रिक्षात बसले तर स्पीडब्रेकरच्या आधी उतरायचे, चालत तो ओलांडायचे आणि पलीकडं थांबलेल्या रिक्षात परत बसायचे. आमच्या चौकातले रिक्षावाले त्यांना लांबून बघूनच मीटर झाकायला लागले.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. श्रीनू हैदराबादला कंपनीत आहे. हैदराबाद काय लांब नाही, सकाळची गाडी धरली की दुपारी माणूस घरी. पण दिवाळीला त्याला सुट्टी नसते आणि उन्हाळ्यात पोरांचे क्लास असतात. तपासणीला मात्र तो न चुकता येतो. त्याआधी आठवडाभर काका गल्लीला सांगत फिरतात, "श्रीनू येतोय. तपासणी हाय." गाद्यांना ऊन दाखवतात, कपाटातली कोरी चादर काढतात आणि मटणवाल्याकडं चार चार वेळा जाऊन येतात.

यंदाच्या तपासणीला मीही गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. फुगलेला भाग निम्म्याहून कमी झाला होता. "फार छान. गळती नाही, नळी जागच्या जागी. भिंतीनं कापड आपलंसं केलंय." मग ते श्रीनूकडं वळले. "आता दरवर्षी सीटी नको. साधी सोनोग्राफी करू, दहा मिनिटांचं काम. तुम्हाला मुद्दाम यायची गरज नाही."

श्रीनूनं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच मोबाइलवर दुपारची गाडी बघितली.

"गळती बिलकुल न्हाय?" काकांनी विचारलं.

"बिलकुल नाही."

"नीट बघा की. कोपऱ्यात कुटं तरी आसंल. थोडीशी."

डॉक्टर हसले. काका किती धास्तावलेत, असं मला वाटलं आणि मीही हसलो.

श्रीनूला गाडीत बसवून आम्ही दोघं स्टेशनबाहेर आलो. मटण घरी तसंच होतं. काकांनी त्या दिवशी कुणाचीही बाही धरली नाही.

"भिंत लई लवकर शाणी झाली बे," चालता चालता म्हणाले. "आता पोराला काय म्हणून बोलवू?"

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे कळलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काय म्हणून कशाला काका? असंच ये म्हणायचं."

काका थांबले. मी एखाद्या परक्या भाषेत बोललो असावं तसे माझ्याकडं बघत राहिले.

"असंच?" ते म्हणाले. "असंच कोण येतंय बे?"