मंजूर वडील

वस्तू घेण्याआधी माणसाला तिची गरज असावी लागते, हा समज आता मागे पडला आहे. वस्तू घेण्याआधी माणसाला फक्त एक अनोळखी माणूस लागतो, ज्याने ती आधीच घेतलेली आहे आणि ज्याला पस्तावा झालेला नाही. असा माणूस निसर्गात फारसा सापडत नाही. म्हणून तो तयार करावा लागतो. हे काम एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दाताच्या दवाखान्याच्या बरोबर वर, सकाळी दहा ते सहा या वेळात चालत असे. खालून अधूनमधून कळवळल्याचा आवाज येई. तो ऐकत ऐकत वर समाधानी ग्राहक लिहिले जात.

खोलीत सात टेबलं होती, सात माणसं होती आणि वस्तू एकही नव्हती. हे मुद्दाम केलेलं होतं. नियमावलीतला पहिलाच नियम असा होता : परीक्षणकर्त्याने परीक्षणाची वस्तू वापरू नये, हाताळू नये, शक्यतो पाहूही नये. वापरल्याने मत कलुषित होतं. पूर्वी एका उत्साही गृहस्थाने ज्यूसर घरी नेला होता. त्याचं परीक्षण अकरा दिवस चाललं आणि शेवटी दोन ओळींचं आलं. त्यातली एक ओळ शिवी होती. हल्ली तो सायकली दुरुस्त करतो आणि आनंदात असतो असं ऐकिवात आहे. (नियमावलीत त्याचा उल्लेख 'ती दुर्दैवी घटना' असा आहे.)

धंद्याची रीत सरळ होती. वाचक परीक्षण वाचतो, खालच्या लिंकवर बोट ठेवतो, वस्तू घेतो आणि विकणारी कंपनी कार्यालयाला विक्रीतला वाटा देते. वाचकाने बोट ठेवलं नाही तर त्या लिखाणाला साहित्य म्हणतात, आणि लिहिणाऱ्याला कार्यालय चालवणाऱ्या मॅडम केबिनमध्ये बोलावतात.

या कार्यालयात तोटेकर पाच वर्षं होता. हे त्याचं आडनाव नव्हे, ही त्याची पदवी. परीक्षणाच्या शेवटी 'फायदे' आणि 'तोटे' असे दोन रकाने असतात. फायदे कंपनीकडून तयार येतात. तोटे मात्र घरी करावे लागतात. मॅडमनी केलेल्या पाहणीनुसार शंभरातले एकसष्ट वाचक आधी तोटे वाचतात, तेवीस फक्त तोटेच वाचतात आणि उरलेले सोळा दुसरंच काहीतरी शोधत चुकून आलेले असतात. तोटा लिहिलाच नाही तर वाचकाला संशय येतो. खरा तोटा लिहिला तर कंपनीला राग येतो. तेव्हा वाचकाच्या काळजाला भिडेल पण वस्तूच्या केसालाही धक्का लावणार नाही असा तोटा हवा असतो, आणि त्यात तोटेकरचा हात धरणारा कुणी नव्हता. इस्त्रीबद्दल त्याने लिहिलं होतं, "वायर इतकी लांब आहे की गुंडाळायचा कंटाळा येतो." पंख्याबद्दल, "आवाजच नाही, त्यामुळे दोनदा चालू ठेवून बाहेर गेलो." गादीबद्दलचं "सकाळी उठवत नाही, साहेब बोलतात" हे वाक्य वाचून शेजारच्या टेबलावरच्या गादीवाल्याने, ज्याने पाच वर्षं फक्त गाद्यांवर लिहिलं होतं, उठून त्याच्याशी हात मिळवला होता.

तोट्यांनंतर महत्त्वाचे नातेवाईक. "मी वापरलं" यापेक्षा "माझ्या वडिलांनी वापरलं" हे वाक्य दुप्पट चालतं. म्हणून कार्यालयात एक नोंदवही होती, आणि रुजू होताना प्रत्येकाला तिच्यातून मंजूर नातेवाईक मिळत : आई एक (विसराळू), वडील एक (गुडघे, रक्तदाब), मावशी एक (सामायिक), बाळ एक (आठ महिन्यांचं). बाळ गेली चार वर्षं आठ महिन्यांचं होतं. वडिलांचे गुडघे महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा बरे करता येत नसत. आणि कुणालाही मारायला सक्त मनाई होती, कारण मेलेला माणूस परत काही वापरत नाही.

सामायिक मावशीवरून मात्र कुरबुर व्हायची.

"अरे, काल मी तिला अंथरुणाला खिळवलीय," ब्लेंडरवाली ओरडली. "बिचारी नुसत्या सूपवर आहे. आणि तू आज तिला जिने चढवतोस?"

"माझ्या गादीवर झोपली ना रात्रभर," गादीवाला शांतपणे म्हणाला. "म्हणून उठली."

केबिनमधून मॅडमचा आवाज आला, "हेच लिहा! दोघांनीही!"

दोघांचंही खपलं.

तोटेकरचे मंजूर वडील अडुसष्ट वर्षांचे होते. पाच वर्षांत त्यांनी तीनशे चाळीस वस्तू वापरल्या आणि प्रत्येकीवर ते खूश झाले. घरचे वडील सत्तर वर्षांचे होते आणि ते कशावरही खूश होत नसत. त्यांची उभी हयात वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. साखरेचा किलोचा पुडा घरात आला की आधी त्यांच्या काट्यावर जायचा, मग डब्यात. "नऊशे ब्याण्णव," ते म्हणत, आणि आठ ग्रॅमसाठी चपला घालत.

अशा वडिलांना एके दिवशी खुर्चीतून उठताना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, बीपीचं मशीन घ्या, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजा, आकडे लिहून आणा. मग गोळ्यांचं ठरवू.

"तूच बघ रे," वडील तोटेकरला म्हणाले. "तुझा तर हा धंदाच आहे."

तोटेकरची छाती फुगली. रविवार घालवून त्याने एकोणचाळीस परीक्षणं वाचली. एकेक जण पहिल्या ओळीतच सापडायचा. हा फायदे कंपनीच्या कागदावरून उतरवतोय. हिची आई विसराळू आहे. इथे तर रक्तदाबाच्या यंत्रात आठ महिन्यांचं बाळ घुसवलंय, लाज नाही. चाळिसाव्याला मात्र तो थांबला. कुणा जावयाने लिहिलं होतं :

"सासऱ्यांसाठी घेतलं. आकडे इतके स्थिर की डॉक्टरसुद्धा खूश. तोटा एकच. पट्टा सोडवताना चर्र आवाज होतो आणि सासूबाई दुपारच्या झोपेतून दचकतात."

तोटेकरने ते तीनदा वाचलं. त्याचे डोळे पाणावले. असा तोटा टेबलावर बसून सुचत नाही. त्याला खरी सासू लागते, आणि ती खरोखर झोपलेली असावी लागते. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणीतरी प्रामाणिक माणूस भेटला होता. त्याने लिंकवर बोट ठेवलं.

पार्सल आलं तेव्हा तो कामाला निघत होता. वडिलांनी यंत्र उलटं करून पाहिलं, तपासणीचा शिक्का शोधला. तो नव्हता. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि यंत्र परत टेबलावर ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तू बघून आणलंयस."

हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षांत कुणाही दुकानदाराला ऐकवलं नव्हतं. तोटेकर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

चौदा दिवसांत अठ्ठावीस नोंदी झाल्या. वडिलांनी रेघा मारून तक्ता केला होता. एकशे बावीस, ऐंशी. एकशे बावीस, ऐंशी. वडील खुशीत होते. "माणूस सरळ असला की आकडा सरळ येतो," असं ते शेजाऱ्यांना सांगू लागले, आणि जेवताना मीठ वरून घेऊ लागले. मधे दोनदा त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली, पण तो चष्म्याचा दोष ठरवण्यात आला.

चौदाव्या दिवशी, रविवारी, संध्याकाळची नोंद झाल्यावर आई ओले हात पुसत बाहेर आली. "माझंही बघा एकदा."

एकशे बावीस, ऐंशी.

आईने आकड्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "हे मशीन बिघडलंय."

"का? चांगलं तर आलंय तुझं."

"अहो, बेचाळीस वर्षांत तुमचं-माझं एका गोष्टीत जुळलं नाही. रक्तदाब बरा जुळेल?"

तिने पट्टा दंडावरून काढला, कोपऱ्यातल्या तक्क्याला गुंडाळला आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. पट्टा फुगला, तक्क्या आवळला गेला. एकशे बावीस, ऐंशी. घरात सर्वांत निरोगी तक्क्याच होता.

वडिलांनी पट्टा खुर्चीच्या हाताला लावला. खुर्चीही ठणठणीत निघाली.

तोटेकर पट्ट्याकडेच बघत राहिला. आईने तो काढला तेव्हा चर्र झालं नव्हतं. होणारच नव्हतं. पट्ट्याला साधं बक्कल होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कार्यालयातलं जुनं कपाट आणि जुनी फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वीचा एक गुरुवार, लिहिण्याची वेळ अकरा चाळीस ते अकरा बावन्न. "वडिलांसाठी घेतलं. तोटा एकच. पट्टा सोडवताना चर्र आवाज होतो आणि आई दुपारच्या झोपेतून दचकते." खाली त्याची सही. जुनी परीक्षणं कार्यालय दुसऱ्या एका कार्यालयाला विकत असे, आणि तिथे ती ओळखू येऊ नयेत म्हणून नाती बदलत असत. वडिलांचे सासरे झाले होते. तोटेकरचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि तो स्वतःच्याच सासूच्या नादी लागून फसला होता.

संध्याकाळी तो वडिलांना घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांच्या यंत्राने एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार सांगितलं. डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला, वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"अठ्ठावीस वेळा हेच?"

"हेच," वडील म्हणाले.

"काका, आणखी महिनाभर हा कागद खरा मानला असता, तर तुम्हाला इथे झोपवून आणलं असतं." आणि त्यांनी गोळ्या लिहायला घेतल्या.

परतताना जिन्याच्या वळणावर वडील दम घ्यायला थांबले. तोटेकर म्हणाला, "बाबा, ज्यावरून मशीन घेतलं, तो रिव्ह्यू मीच लिहिला होता."

वडिलांनी कठडा धरला.

"तुझ्या लिहिण्यात माझं नाव होतं?"

"नाव नव्हतं. वडील होते."

"मी चाळीस वर्षं काटे धरले," ते म्हणाले. "काट्याखाली चुंबक सापडला, मेण सापडलं, एकदा तर पारड्याखाली दुकानदाराचा अंगठा सापडला. पण 'माझा बाप ह्याच काट्यावर घेतो' असं एकजण म्हणाला नाही रे. तेवढी जनाची लाज होती त्यांना."

मग उरलेल्या पायऱ्या ते एकटे चढले. घरी आल्यावर मात्र त्यांनी कागद मागितला, सवयीच्या अक्षरात मजकूर लिहिला आणि मुलाला म्हणाले, "हे छाप. एक शब्द बदलायचा नाही."

तोटेकरने एक शब्दही बदलला नाही. पाच वर्षांत त्याने छापलेला तो पहिला खरा मजकूर होता :

"सदर यंत्र समक्ष तपासले. इसमास लावले असता १२२/८०. पत्नीस लावले असता १२२/८०. तक्क्यास व खुर्चीस लावले असता १२२/८०. सबब यंत्र सदोष असून जिवास धोका आहे. घेऊ नये." एक स्टार.

पुढच्या सोमवारी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. तोटेकरने टेबलाचा खण आधीच रिकामा करून ठेवला होता. मॅडम उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"त्या बीपी मशीनवर कुणा म्हाताऱ्याने एक स्टार दिलाय, पाहिलंस? आठवड्यात विक्री एकोणीस टक्के वर!"

तोटेकर खुर्चीत बसला.

"अरे, आधी सगळेच पाच स्टार होते. कोण विश्वास ठेवणार? आता लोक येतात, पहिला हा म्हातारा वाचतात, हसतात, आणि बाकीची चार हजार त्यांना खरी वाटतात. तक्क्याला पट्टा! काय डोकं आहे! कोण आहे हा?"

"माझे वडील आहेत, मॅडम."

"व्वा!" मॅडम म्हणाल्या. "अगदी असंच म्हणत जा. आवाजसुद्धा हाच ठेव."

त्या परीक्षणाखाली तेव्हापर्यंत तीनशे बारा प्रतिक्रिया आल्या होत्या. सर्वाधिक पसंती मिळालेली अशी होती : "काकांनी पट्टा उलटा बांधला असणार. मी लगेच मागवलं." दुसऱ्या क्रमांकाला : "निदान एकजण तरी खरं बोलला. त्यामुळे घेतलं." तक्क्याला पट्टा लावून बघायला दोन मिनिटं लागतात. तसं किती ग्राहकांनी करून पाहिलं याची आकडेवारी कार्यालयाकडे आहे. शून्य.

त्याच दुपारी नोंदवहीत नवी ओळ भरली गेली : वडील एक (तापट, प्रामाणिक, एक स्टार). सामायिक. शेजारी मंजुरीचा शिक्का बसला आणि पोच म्हणून तोटेकरने सही केली. (खण त्याने परत भरला, कारण दुसरी नोकरी निवडायलाही कुणाचं तरी परीक्षण वाचावं लागतं.) हल्ली हे सामायिक वडील मिक्सर, हेल्मेट, शिडी आणि लहान मुलांची औषधं यांवर महिन्याला चाळीसेक वेळा संतापतात. घरचे वडील गोळ्या घेतात, आठ ग्रॅमसाठी चपला घालतात, आणि मुलाने आणलेली कुठलीही वस्तू आधी काट्यावर ठेवतात.

या सगळ्यात तुम्हाला वडील आवडले असणार. सगळी खोटी माणसं बाजूला सारून तुम्ही नेमका त्यांच्यावर विश्वास ठेवलात. कार्यालयाला याची पूर्ण कल्पना आहे. जाणकार वाचकांसाठीच त्यांना ठेवलेलं आहे.