आवाजाला बसायला जागा

आमच्या वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकानं फरशी पाहिली, ओटा पाहिला. दामूनानांनी हॉलच्या मधोमध उभं राहून खणखणीत टाळी वाजवली. कान टवकारले. मग आणखी दोन वाजवल्या. आरती सुरू झाली असं वाटून माझी बायको आतून हात जोडतच बाहेर आली.

"आवाज भिंतीवर आदळून परत येतोय," नाना म्हणाले. "आवाजले बसाले जागा द्या ना, भो! एक जाड पडदा लावा."

नाना मूळचे शिरपूरचे. धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्सचे लॅब असिस्टंट होते. निवृत्त झाल्यावर जळगावात आमच्या शेजारी राहायला आले. लॅब सुटली, प्रयोग सुटले नाहीत. अंगणातल्या हौदात दोन खडे टाकून ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, "बघा, दोन्ही लाटा एकमेकींतून गेल्या, एकीलाही खरचटलं नाही." कॉलनीतल्या दोन भांडखोर जावांनाही त्यांनी हे बोलावून दाखवलं. त्या दोघी त्या दिवसापुरत्या एक झाल्या, नानांच्या विरोधात.

एकदा तर सांत्वनाला गेले त्या घरात त्यांनी टाळी वाजवली. तेव्हापासून कुठंही आत शिरताना अक्का, म्हणजे त्यांची बायको, त्यांचं मनगट धरून ठेवायच्या.

अक्का बालवाडीत शिकवायच्या. बोलण्याची भारी हौस. चारेक वर्षांपूर्वी ऐकू येईनासं झालं, कानात मशीन आलं. घरात मोठ्यानं बोललं की भागायचं. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र भिंतींवरून परतणारे आवाज, भांडी, बँड असं सगळं त्या मशीनमध्ये कालवलं जायचं. एका लग्नात कुणीतरी विचारलं, "सूनबाई कशी आहे?" अक्का म्हणाल्या, "थोडीच वाढा." पंगत हसली. अक्काही हसल्या. त्यानंतर त्या कुठल्याच कार्याला गेल्या नाहीत.

नातीचा, ऋतुजाचा साखरपुडा ठरला, तेव्हाही म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या."

नाना आदल्या दिवशी सकाळी मला स्कूटरवर बसवून हॉलवर घेऊन गेले. गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या, वर पत्रा. नानांनी टाळी वाजवली आणि बराच वेळ नुसती मान हलवत राहिले. दुपारपर्यंत आम्ही कॉलनीतल्या घराघरांतून सव्वीस गोधड्या गोळा केल्या आणि सजावटीच्या पडद्यांमागे टांगल्या. दोन स्पीकरांपैकी एक नानांनी बंद करायला लावला. मग खुर्ची घेऊन ते जागा बदलत बसू लागले आणि मला लांबून बोलायला सांगितलं. काय बोलावं सुचेना, म्हणून मी पाढे म्हणू लागलो. एकोणीसच्या पाढ्यात घसरलो तशी नाना ओरडले, "चुकलास! बस, हीच जागा."

तेवढ्यात त्यांचा मुलगा संजय आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "पप्पा, व्याही काय म्हणतील? मे महिन्यात भिंतींना गोधड्या!"

"म्हणावं, आमच्या भिंतींना थंडी वाजते."

दुसऱ्या दिवशी ऋतुजा हट्टच धरून बसली, म्हणून अक्का आल्या. नानांनी त्यांना त्या खुर्चीवर बसवलं. शेजारी व्याह्यांची आई, बोदवडची. तिनं काहीतरी विचारलं. अक्का सवयीनं नुसत्या हसायला लागल्या, मध्येच थांबल्या आणि त्यांनी उत्तर दिलं.

दोघी तासभर बोलत होत्या. नाना चार खुर्च्या पलीकडे खांबाशी उभे. मी ताट घेऊन गेलो.

"नाना, जेवून घ्या."

"थांब रे. ती काहीतरी विचारतेय तिला."

"काय विचारतायत?"

"काही का असेना. चार वर्षांत तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. उत्तर ऐकू येणार नाही म्हणून."

तेवढ्यात अक्कांची नजर आमच्याकडे वळली. "अहो, जेवलात का?"

नाना आवाज न चढवता म्हणाले, "नाही अजून."

"मग जेवा ना," असं म्हणून अक्का पुन्हा शेजारणीकडे वळल्या.

नानांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले.