थोरल्या सेराच्या तोंडातलं बूच

पर्सिव्हल ग्रिमवूड यांच्या मते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर खरी निरीक्षणशक्ती असलेली माणसं दोनच. एक ते स्वतः, आणि दुसरा अजून जन्मायचा होता. "माझी नजर म्हणजे गिरमिट आहे, हर्बर्ट. समोरच्याच्या आरपार जाते," असं ते रोज सकाळी दाढी करताना सांगत आणि हनुवटी कापून घेत. तीस वर्षं रेल्वेत लोकांच्या सामानाचं वजन केल्यावर त्यांनी 'खाजगी अन्वेषक' अशी कार्डं छापून घेतली होती. आजवरच्या तीन प्रकरणांपैकी पहिल्यातली मांजर आपल्या पायांनी घरी आली, दुसऱ्यातली छत्री त्यांच्याच हातात सापडली, आणि तिसऱ्याबद्दल ते बोलत नसत. हे सगळं वहीत टिपायचं काम त्यांचा मेहुणा हर्बर्ट टिलेट याच्याकडे होतं. बहीणच दिलेली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

चौथं प्रकरण मात्र मोठं होतं. चांगलं नऊ फूट लांब होतं.

गल्सफ्लीट गावच्या पबमध्ये दारासमोरच्या भिंतीवर थोरली सेरा टांगलेली होती. खाडीतल्या रानबदकांवर चपट्या होडीतून झाडायची ही जुनी ठासणीची बंदूक. शिकारीचा हंगाम संपतो त्या दिवशी, म्हणजे वीस फेब्रुवारीला दुपारी दोन वाजता, तिच्यात नुसती दारू ठासून खाडीवर एक बार काढायचा, आणि चापाची दोरी ओढायची ती बंदुकीच्या मालकाच्या घरातल्या माणसानंच, असा गावचा रिवाज. गेली साठेक वर्षं ती दोरी पबवाल्या ऑर्बेलच्या घराण्यातलेच ओढत आले होते. सहासष्ट वर्षांचा जेबेझ कटिंग म्हणत होता की बंदूक त्याच्या बापाची आहे. पहिल्या महायुद्धावर जाताना त्यानं ती इथे सांभाळायला ठेवली आणि तो परत आलाच नाही. जेबेझच्या छातीनं आता दगा द्यायला सुरुवात केली होती. पुढच्या फेब्रुवारीचं डॉक्टर काही बोलत नव्हते. निदान एकदा तरी त्याला ती दोरी ओढायची होती, म्हणून त्यानं पर्सिव्हलना बोलावलं होतं.

"कागद त्याच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही," ऑर्बेल म्हणाला. माणूस सरळ होता. "पुरावा दाखवा, दोरी मी स्वतः त्याच्या हातात देतो."

वीस तारीख आजच होती आणि घड्याळात साडेबारा झाले होते.

पर्सिव्हल भिंग घेऊन खुर्चीवर चढले. "हर्बर्ट, लिही. दस्त्यावर चांदीची पट्टी नाही."

"नाही, लिहितो."

"नाही म्हणजे होती! चोरीला गेली. चांदी कोण लावतो? उमराव. म्हणजे बंदूक एका उमरावाची."

"पर्सी, अरे माझ्या काठीलाही चांदी नाही."

"तुझ्या घराण्याबद्दल आपण नंतर बोलू." ते सरकत सरकत नळीच्या तोंडाशी आले. खारं पाणी आत जाऊ नये म्हणून तिथे एक लाकडी बूच ठोकलेलं होतं. त्याचं गोल टोक तेवढं बाहेर दिसत होतं. पर्सिव्हलनी भिंग आणखी जवळ नेलं. "दातांच्या खुणा! वर दोन, खाली दोन. असह्य वेदनेत कुणीतरी हे चावलंय. आणि दात किती? चारच! म्हणजे वय ऐंशीच्या पुढे. वृद्ध, उमराव, समुद्राशी संबंध. हर्बर्ट, हा ॲडमिरल आहे. भूल न देता त्याचा पाय कापला गेलाय!"

बुचाचा विषय निघताच जेबेझला जोराचा ठसका लागला. तो आपल्या ग्लासात असं काही बघू लागला की जणू ॲडमिरलचा पाय तिथेच पडलाय. हर्बर्टनं ते पाहिलं, पण ते टिपून घ्या असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. उंबऱ्याच्या बाहेर जेबेझची थोरली बहीण केझाया उभी होती. बाई कट्टर चॅपलवाली, दारूला पाप मानणाऱ्या पंथातली. अडुसष्ट वर्षांत पबची पायरी चढली नव्हती.

"जेबेझ! पुडिंगचा दगड झालाय. घरी येतोस की मी…" आणि तिची नजर समोरच्या नळीच्या तोंडावर गेली. पुढच्या क्षणी चॅपलवाली बाई पबच्या मधोमध उभी होती. "ही आईच्या लाटण्याची मूठ आहे."

"बाई, तो ॲडमिरल…" पर्सिव्हल म्हणाले.

"खाली उतरा तुम्ही, पडाल. आमच्या घरातल्या प्रत्येक पोराला दात येताना ही मूठ चघळायला द्यायचे. हे चार दात या जेबेझचे. तेव्हा दहा महिन्यांचा होता तुमचा ॲडमिरल." ती ऑर्बेलकडे वळली. "बूच काढा. आतल्या टोकाला इस्त्रीचा डाग असेल, टोकदार. मीच पाडला होता."

ऑर्बेलनं बूच उपसलं. टोकाला इस्त्रीच्या नाकाएवढा काळा डाग होता.

"दरवर्षी बघतो हा," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, दारूनं जळलं असेल. जेबेझ, बंदूक तुझ्या बापाची."

कुणी टाळी वाजवायच्या आत केझाया म्हणाली, "पण लाटणं मी हरवलं म्हणून आईनं मला बडवलं होतं. कालथ्यानं, आठ दिवस. मरेपर्यंत ती मला घरबुडवी म्हणायची."

सगळे जेबेझकडे वळले.

"बाबांनी कापलं," तो म्हणाला. "करवत चालवताना दुसरं टोक मी धरलं होतं. आईला सांगू नकोस म्हणाले. तू मार खात होतीस तेव्हा मी टेबलाखाली होतो, केझी."

"आणि एवढी वर्षं गप्प बसलास? एक शब्द बोलला असतास तर ही दोरी कधीच तुझी झाली असती. त्यासाठी हे गिरमिट कशाला आणलंस?"

"मी बोललो असतो तर टेबलाखालचं तुला कळलं असतं. यांनी शोधलं असतं तर नुसती बंदूक सापडली असती."

हर्बर्टला एकदम भरून आलं. आपल्या दाजींवर एवढा विश्वास ठेवणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता.

दोनच्या ठोक्याला अख्खं गाव खाडीवर जमलं. ऑर्बेलनं दारू ठासली आणि दोरी जेबेझच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. मग केझायाच्या हातात ठेवली.

"ओढ."

"वेडा आहेस का? तुला हवी होती ना?"

"मार तू खाल्लास."

केझायानं तोंडातल्या तोंडात आईचं नाव घेतलं आणि दोरीला असा हिसका दिला की थोरली सेरा धडाडली, चिखलावरचे सगळे हंस एकदम उठले आणि पर्सिव्हल बसले.

धूर निवळला. केझायाचे गाल लाल झाले होते. "मिस्टर ऑर्बेल, परत ठासा."

"पण बाई, रिवाज एकाच बाराचा आहे."

"बंदूक कुणाची?"

"तुमची."

"मग रिवाज दोन बारांचा," ती म्हणाली आणि तिनं जेबेझला दंडाला धरून पुढे ओढलं. "चल, तुझी पाळी."