पाकिटातली पावडर आणि आमचे हेडमास्तर

साहेबांनी विचारलं, "प्रशिक्षणाला कोण जाणार?" आणि मी हात वर केला. बस, एवढंच केलं मी. त्यानंतर माझं जे काही वाटोळं झालं, ते सगळं त्या एका हातामुळे.

विषय होता 'जैविक दहशतवाद : ओळख आणि खबरदारी'. सभागृहात एसी आहे आणि दुपारचं जेवण फुकट आहे, एवढं कळल्यावर मी विषय विचारलाच नव्हता. (विचारला असता तरी गेलोच असतो. जेवण खरंच चांगलं होतं.) शिवाय पाठवण्यालायक मीच होतो. मी आवक विभागात बसतो. ऑफिसात येणारं प्रत्येक पाकीट फोडायचं, कागद काढायचा, शिक्का मारायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा, हे माझं काम. इतकी वर्षं हेच करून करून आता बंद पाकीट दिसलं की माझा हात मला न विचारता कात्रीकडे जातो.

प्रशिक्षक मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्या मऊ आवाजात त्यांनी सांगितलं की, पूर्वी वेढा घालणारं सैन्य म्हणे प्लेगनं मेलेल्यांची प्रेतं तटावरून आत भिरकावायचं. कुणी शत्रूला देवीच्या रोग्यांची पांघरुणं भेट दिली. विहिरीत मेलेली जनावरं टाकणं तर फारच जुनं. मग एकदा कुणीतरी पाकिटांतून अँथ्रॅक्सची पावडर पोस्टानं पाठवली, माणसं दगावली आणि तेव्हापासून जगभरचे लोक सांडलेल्या पिठालाही घाबरायला लागले. "जुन्या गोष्टी कितपत खऱ्या, यावर अभ्यासकांत वाद आहेत. आणि अशी बहुतेक सगळी पाकिटं निरुपद्रवीच निघतात," असंही ते म्हणाले. पण तोवर माझं घाबरून झालं होतं. माझ्या शेजारचा मात्र झोपला होता. तो आज सुखात आहे.

आता आमच्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. ते निवृत्त हेडमास्तर. 'पाकिटं फोडणाऱ्याला मुलगी दिली' हे दुःख त्यांनी लग्नापासून जपलं होतं. दिली असंही नाही, तिनं परस्पर लग्न केलं. तेव्हापासून ते आमच्याकडे आले नव्हते आणि माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. फोन मी उचलला तर ते ठेवून द्यायचे. बायको म्हणायची, "होईल हो सगळं नीट." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची. घासलेलीच.

तर ते येणार होते! त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आमच्याच गावात त्यांचा सत्कार ठेवला होता. हॉटेलात उतरण्याऐवजी ते चक्क आमच्याकडे उतरणार होते. बायकोनं पडदे धुतले, मला नवा शर्ट आणला आणि बजावलं, "तुम्ही फक्त काही करू नका. एवढं माझ्यासाठी करा."

पहिल्या दिवशी बाबा तिच्याशी थोडं बोलले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. तिच्याशीसुद्धा बोलेनात. जेवेनात. पातळ सूप तेवढं पीत होते, तेही भिंतीकडे तोंड करून.

"तुम्ही काय बोललात बाबांना?" बायकोनं मला बेडरूममध्ये गाठलं.

"मी? मी कशाला बोलू? मी 'या' म्हणालो."

"कसं म्हणालात?"

"कसं म्हणजे? 'या' असं."

"काहीतरी असणार तुमच्या आवाजात," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला तर जीव नकोसा झाला. माणसानं 'या' किती प्रकारे म्हणावं?

सत्काराच्या दिवशी दुपारी बायको हार, फुलं असलं काही आणायला बाहेर गेली. घरात मी आणि बाबा. ते टेबलाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. दोघंही घड्याळाकडे बघत होतो. तेवढ्यात बेल वाजली आणि कुरिअरवाला एक जाडसर पाकीट देऊन गेला. मी येऊन बसलो आणि... काय सांगू तुम्हाला! हात गेला. कात्री तिथंच होती. टर्रकन फोडलं मी ते पाकीट, आणि फोडल्यावर वाचलं की ते बाबांच्या नावाचं आहे.

आतून भस्सकन पांढरी पावडर उडाली.

मी पाकीट उलटं करून पाहिलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. 'खाजगी' असं मोठ्या अक्षरांत. चारी बाजूंनी गरजेपेक्षा दुप्पट चिकटपट्टी. प्रशिक्षकांनी पडद्यावर दाखवलेलं पाकीट जणू तिथून उठून आमच्या टेबलावर आलं होतं.

आणि बाबा? बाबा या वयात खुर्चीवरून असे उसळले की बस! त्यांनी पाकिटावर झडपच घातली. मी ओढलं, त्यांनी ओढलं, आणि उरलेली निम्मी पावडर त्यांच्या शर्टावर सांडली.

"बाबा, हलू नका! श्वास घेऊ नका!" मी ओरडलो.

"फा... फुफी... आये फी!" बाबा म्हणाले.

जीभ जड होते, शब्द तुटतात. हे लक्षण प्रशिक्षकांनी दुसऱ्याच कुठल्या तरी विषाचं सांगितलं होतं, पण अशा वेळी कोण वर्गवारी करत बसतो? प्रशिक्षणात म्हणाले होते, पंखा बंद करा. पंखा बंदच होता. मी घाईघाईनं बटण दाबलं आणि तो चालू झाला. उरलेली पावडर सगळ्या घराला सारखी वाटली गेली. नंतरची सूचना होती, बाधित व्यक्तीला वेगळं ठेवा. मी बाबांना पाठीमागून धरलं, बाथरूममध्ये ढकललं आणि बाहेरून कडी लावली. (लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा स्पर्श केला तो असा.)

मग प्रशिक्षकांनी दिलेल्या नंबरावर फोन केला. "येतोय," पलीकडून आवाज आला. आवाज मऊ होता आणि त्यात, खोटं कशाला बोलू, आनंद होता. बिचारे इतकी वर्षं नुसतंच शिकवत होते.

मी बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलो. आतून दार धडाधड वाजत होतं. पावडर माझ्याही अंगावर होती. आता दोघंही जाणार, हे मी धरून चाललो होतो. मला एकदम रडू फुटलं.

"बाबा," मी म्हटलं, "माझं चुकलं. दुसऱ्याचं पाकीट फोडायला नको होतं. मला दुसरं काही येतच नाही हो. पण तुमच्या मुलीला मी कधी दुखावलं नाही. ती तुमच्या वाटेकडे डोळे लावून असते. तुम्ही फोन ठेवता ना, त्या दिवशी ती जेवत नाही. एकदा, एकदा तरी माझ्याशी बोलायचं होतंत. शिवी दिली असती तरी चाललं असतं."

आतला आवाज थांबला. मग अगदी हळू, दारावर एकदाच टकटक झाली. मला वाटलं, गेले. ही शेवटची.

पुढचं आठवलं तरी नकोसं होतं. खाली दोन गाड्या, पिवळी पट्टी, रस्ता बंद, अख्खी इमारत रिकामी. शेजारीण ओलं डोकं घेऊन फुटपाथवर उभी. पांढरे पोशाख घातलेली माणसं जिन्यानं वर आली. पट्टीपलीकडे फुलांची पिशवी घेऊन बायको ओरडत होती, "अहो, बाबा कुठायत?" आणि मी खिडकीतून ओरडत होतो, "बाथरूममध्ये! सुरक्षित आहेत! कडी लावलीय!" नेमक्या त्याच वेळी बाबांना न्यायला त्यांचे विद्यार्थी गाडी घेऊन आले. सगळे टाय लावून.

प्रशिक्षकांनी चिमट्यानं पाकीट उचललं. बॅटरीच्या उजेडात फिरवून पाहिलं. मग त्यांनी मुखवटा काढला. वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच त्यांची दया आली.

"पुदिना," ते म्हणाले. "कवळी चिकटवायची पावडर आहे. मी हीच वापरतो."

बाबांना कवळी आहे, हे घरी असलेल्या त्यांच्या मुलाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोलाही नाही. ज्यांच्या उच्चारांची साऱ्या जिल्ह्यात ख्याती होती, ते हेडमास्तर खोट्या दातांनी 'ष' शिकवत होते! पावडरची डबी घरी विसरली होती. इथल्या दुकानातून घ्यावी, तर दुकानदार विद्यार्थी निघाला तर? म्हणून मुलाला गुपचूप पाठवायला सांगितली, वर नाव घालू नकोस म्हणून. आणि ती येईपर्यंत कवळी पडू नये म्हणून तोंड मिटून बसले होते. रागावले नव्हतेच ते! म्हणजे माझ्यावर होते, पण नेहमीपुरतेच.

"हळू बोला," मी प्रशिक्षकांना हात जोडले. "कुणाला कळता कामा नये."

"अफवा पसरायला नको," ते म्हणाले. त्यांनी खिडकीतून कर्णा बाहेर काढला आणि खालच्या अख्ख्या गर्दीला, टायवाल्या विद्यार्थ्यांसकट, सांगितलं, "नागरिकांनी घाबरू नये. ही हेडमास्तरांच्या कवळीची पावडर आहे."

नियमाप्रमाणे उरलीसुरली पावडर त्यांनी नमुना म्हणून सीलबंद करून नेली. मी कडी काढली. बाबा बाहेर आले, माझ्याकडे न बघता तोवर वर आलेल्या मुलीपाशी गेले आणि पावडरसाठी हात पुढे केला. ती खालच्या दुकानात जाऊन, आता लपवायचं काय राहिलं होतं, पावडरची मोठी डबी घेऊन आली.

सत्काराला मी जाणार नव्हतो. बायकोनं ओढत नेलं. मी शेवटच्या रांगेत, मान खाली घालून बसलो. सभागृहात कुजबुज चालली होती आणि ती कशाबद्दल होती हे मला ठाऊक होतं. माझ्यामुळे एका माणसाची आयुष्यभराची अब्रू गेली होती, आणि तीही नेमकी सत्काराच्या दिवशी. बायकोला आता माहेर उरलं नाही, हा एकच विचार डोक्यात घुमत होता.

बाबा बोलायला उभे राहिले. कुजबुज थांबली. त्यांनी चष्मा नीट केला, सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"तू," ते म्हणाले. उच्चार खणखणीत. "शेवटच्या रांगेतला. उभा राहा."

मी उभा राहिलो.

"हा माझा जावई," बाबा म्हणाले. "याच्याकडे नीट बघून घ्या. दुसऱ्याचं पाकीट का फोडू नये, हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत होतो, पण दाखवायला उदाहरण मिळत नव्हतं."

सभागृह असं हसलं की छत उडेल असं वाटलं. आणि बाबाही हसले! सगळे दात दाखवून. बायकोनं माझा हात घट्ट धरला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बोलले," ती म्हणाली. "अहो, बाबा तुमच्याशी बोलले!"

मग बाबा शिस्तीवर बोलले, शाळेवर बोलले, शुद्ध उच्चारांवर तर फारच बोलले. 'खाली बस' तेवढं म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळानं माझ्या पायाला मुंग्या आल्या, म्हणून मी हळूच बसायला गेलो, तर त्यांनी वाक्य अर्धवट सोडून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

कार्यक्रम संपेपर्यंत मी उभाच होतो.