पाचवा दिवा

रविवारी सकाळी दहाला बारा मिनिटं कमी असताना ग्रंथपालाचा निरोप आला. तो शिडीवरून पडला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि अंतराळात आपली वाट पाहू नये असं त्याने कळवलं होतं.

आत्याकडे राहणाऱ्या भाचीने निरोप दोनदा वाचला. खेळ चौघांचा होता आणि आता तिघेच उरले होते. दातांचा डॉक्टर, औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट, हा ग्रंथपाल आणि ती स्वतः, हे चौघे एका वर्गातले. पुढे नोकऱ्यांनी त्यांना चार शहरांत पांगवलं. गेली दोन वर्षं ते एकाच ठिकाणी भेटत, ‘टोपली’ नावाच्या अवकाशयानात. यान संगणकावरच्या खेळातलं होतं, पण त्याचा एकेक पत्रा त्यांनी रविवारमागून रविवार खर्चून जमवला होता.

सध्या टोपली एका ओसाड अवकाशस्थानकाच्या लोखंडी हातात अडकली होती. खेळ सुरू झाला की वीस मिनिटांत स्थानक खालच्या ग्रहावर कोसळे. तेवढ्या वेळात चार खोल्यांतल्या चौघांनी आपापलं चाक योग्य आकड्यावर एकाच क्षणी फिरवलं, तर तो हात सुटणार होता. अडचण अशी की समोरच्या भिंतीवरचा आकडा कधीच आपल्या चाकाचा नसे. तो दुसऱ्याच्या चाकाचा असे, आणि दर दोन मिनिटांनी बदले. खेळाने संधी बारा दिल्या होत्या. अकरा रविवारी टोपली अकरा वेळा जळाली होती. बारावी संधी आज दुपारपर्यंत होती, आणि ती गेली की यान कायमचं जाणार होतं.

"हे गेलं की मी थांबतो," फार्मासिस्टने आदल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "पुन्हा पहिल्यापासून पत्रे गोळा करणं आता माझ्याच्याने होणार नाही."

यान गेलं की फार्मासिस्ट जाणार, फार्मासिस्ट गेला की रविवार जाणार, आणि मग वर्षातून एकदा वाढदिवसाचे निरोप तेवढे उरणार, हे भाचीला स्पष्ट दिसत होतं.

"तुझी आत्या आहे ना घरात?" डॉक्टरने विचारलं. तो कॅप्टन होता. "तिला बसव."

आत्या पडद्यांना कड्या लावत होती. "मला सायकल येत नाही," ती म्हणाली. "यान कुठून चालवू?"

"चालवायचं नाहीये गं. कोपऱ्यातल्या खोलीत नुसतं बसायचं. सांगितलं की चाक फिरवायचं."

"बसायचं असेल तर जमेल. एकतीस वर्षं बसूनच काढली."

भाचीने तिला आतल्या खोलीतल्या जुन्या संगणकापुढे ग्रंथपालाच्या नावाने बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि दार लावून स्वतः बाहेरच्या खोलीत आली. दहा वाजून चार मिनिटांनी खेळ सुरू झाला. आत्याने पहिली दोन मिनिटं एका भिंतीला घासत चालण्यात घालवली. मग भिंत संपली आणि ती आपोआप आपल्या खोलीत पोचली.

"आत्या, पोचलात?" कॅप्टनने विचारलं.

आत्या खुर्ची पुढे ओढून संगणकाच्या पडद्याजवळ वाकली होती.

"आत्या?"

"आहे," आत्या हळूच म्हणाली. "बघतेय."

खोलीला खिडकी होती. खिडकीत तो ग्रह होता, सगळी चौकट व्यापून थोडा उरलेला, पिवळसर राखाडी रंगाचा. त्याच्याभोवतीचं कडं चाळणीतून सांडलेल्या पिठासारखं बारीक होतं आणि त्यातला कणन् कण वेगळा चमकत होता. कड्याची सावली ग्रहावर पडली होती आणि त्या सावलीत कुठेतरी विजा चमकत होत्या, आवाज न करता. अकरा रविवारी या खिडकीकडे कोणाचं लक्षही गेलं नव्हतं.

"हे माणसांनी केलंय?" आत्याने विचारलं.

"हो, माणसांनीच. आत्या, सतरा मिनिटं उरलीत."

"असतील. एवढं करायला त्यांना किती वर्षं लागली असतील, आणि तुम्ही सतरा मिनिटांचं काय घेऊन बसलात?"

यानंतर मोहीम नेहमीसारखी सुरू झाली, म्हणजे तिघे एकदम बोलू लागले. कॅप्टन हुकूम सोडत होता. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहायचं, हा त्याच्या धंद्याचा भाग होता, त्यामुळे उत्तराची वाट पाहण्याची सवय त्याला नव्हती. फार्मासिस्ट एक आकडा ओरडत होता, भाची दुसरा. मध्येच कॅप्टनच्या बाजूने मोबाइलची थरथर ऐकू आली. ती दर रविवारी याच वेळी येई.

"आईचा आहे. नंतर करतो," तो नेहमीप्रमाणे म्हणाला आणि पुढचा हुकूम सुरू केला. तो अर्ध्यातच तुटला.

सगळ्या यानात शांतता पसरली.

आत्याची नजर खिडकीवरून खाली आली होती. खिडकीखाली एक फळा होता. त्यावर भोकांच्या रांगा होत्या, भोकांवर दिवे आणि खाली लोंबणाऱ्या दोऱ्या. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तो बोर्ड मोडीत निघाल्याला वीस वर्षं झाली होती. तो इथे, पृथ्वीपासून एवढ्या लांब, पॉलिश केलेला आणि चालू स्थितीत सापडेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ‘सर्वांना सर्व ऐकू येईल’ असं लिहिलेली कळ तिने बंद केली. चौघांनी आजवर हात न लावलेली ही एकच कळ होती.

कॅप्टनच्या खोलीत एक लाल बटण लुकलुकू लागलं. बराच वेळ शोधून त्याने ते दाबलं.

"बोला, कोण हवंय?" आत्याचा आवाज आला. तो घरातल्या आत्याचा नव्हता.

"सगळे हवेत."

"एका वेळी एक. आधी कोण?"

"अहो आत्या, हे यान आहे."

"म्हणून हा बाजार करायचा का? आधी कोण?"

बाहेरच्या खोलीतून भाची उठली आणि तिने आतलं दार उघडलं.

"नोकरीवर आहे," आत्या मान न वळवता म्हणाली. "दार लाव. तुझा दिवा लागलाय, जागेवर जा."

पुढच्या दोन मिनिटांत जे घडलं ते अकरा रविवारी घडलं नव्हतं. कॅप्टनला भाची मिळाली आणि तिच्या भिंतीवरचा आपला आकडा त्याला पहिल्या झटक्यात कळला. भाचीला फार्मासिस्ट मिळाला, फार्मासिस्टला कॅप्टन, आणि आत्याच्या भिंतीवरचा फार्मासिस्टचा आकडा आत्यानेच त्याला कळवला. तेरा मिनिटं शिल्लक असताना तीन चाकं तयार होती.

"आता तुमचं," कॅप्टन म्हणाला. "तुमचा आकडा माझ्या भिंतीवर आहे, तो मी मघाशी फार्मासिस्टला सांगितला. ऐकलात ना?"

"दोघांचं बोलणं चाललेलं. मी कशी ऐकणार?"

"पण तुम्हीच तर जोडून दिलं."

"जोडून दिलं की कान काढून घ्यायचा. एकतीस वर्षांत कोणाचं ऐकलं नाही, आता उतारवयात ऐकू?"

कॅप्टन आकडा पुन्हा सांगणार तोच तो बदलला. त्याच वेळी आत्या म्हणाली, "थांबा. पाचवा दिवा लागलाय. बाहेरचा कॉल आहे."

"बाहेर कोणी नाही. स्टेशन चारशे वर्षं रिकामं आहे."

"रिकामं आहे तर फोन कोण करतंय?"

"तो शोभेचा दिवा आहे, आत्या. पहिल्या दिवसापासून लुकलुकतोय. ग्रंथपालाला त्याचा त्रास व्हायचा म्हणून तो पडद्यावर चिठ्ठी चिकटवायचा."

आत्याने बोर्डावरची एक दोरी हातात घेतली. मग तिचा स्वर खाली आला. कॅप्टनने नंतर सांगितलं की अकरा वेळा जळताना वाटली नव्हती तेवढी भीती त्याला तेव्हा वाटली.

"अकरा रविवार कोणीतरी फोन करतंय," आत्या म्हणाली, "आणि तुम्ही चिठ्ठी चिकटवलीत?"

तिने पाचव्या दिव्याखाली दोरी खोवली. "बोला. कोण हवंय?"

आवाज म्हातारा होता आणि फार लांबून आल्यासारखा. "कोणीही चालेल," तो म्हणाला.

त्या क्षणी फार्मासिस्ट मोकळा होता. आत्याने त्याला जोडून दिलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

मिनिटभराने कॅप्टनचा दिवा लागला तेव्हा तिने ते पुन्हा चढवले. "फार्मासिस्ट द्या."

"लाइन बिझी आहे."

"मध्ये घुसवा मला."

"तातडीचं आहे?"

"आत्या, बारा मिनिटांत आम्ही जळणार आहोत."

"म्हणजे तातडीचंच. पण आधी पलीकडच्याला विचारावं लागेल, आणि तीन मिनिटं व्हायच्या आत मी कोणाचं बोलणं तोडत नाही."

कॅप्टन खुर्चीला टेकला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. घड्याळ उतरत गेलं. अकरा झाली, मग दहा. बरोबर दहावर आत्या लाइनवर गेली आणि तीन-तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलवर एकतीस वर्षं दिवसातून दोनशे वेळा विचारलेला प्रश्न तिने विचारला.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

या खेळातली यंत्रं माणसाचं बोलणं ऐकत. चौघांनी आजवर त्यांना फक्त हुकूम दिले होते. लाइनवर जुन्या तारेसारखा खरखराट झाला.

"वाढवा," आवाज म्हणाला.

घड्याळात दहा मिनिटं होती ती तेरा झाली.

भाचीने डोळे चोळले. कॅप्टनने लाल बटण दाबलं, पण "बोला" ऐकल्यावर त्याला काय विचारायचं ते आठवेना. "काही नाही," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या."

घड्याळ पुन्हा दहावर आलं आणि पुन्हा तेरावर गेलं. असं सहा वेळा झालं. खिडकीतला ग्रह मोठा व्हायचा थांबला होता. सातव्यांदा आत्याने विचारलं तेव्हा आवाज म्हणाला, "आता पुरे. झालं सांगून." पाठोपाठ टोपलीच्या तळातून एक लांब, मंद आवाज आला आणि लोखंडी हाताची बोटं एकेक करून उघडली. चाकांना कोणी हात लावला नव्हता. यान कड्याच्या बाजूने हळूच निघालं आणि त्या पिठासारख्या कणांतून जाताना सगळ्या खिडक्या उजळल्या.

आत्याने दोरी काढली आणि ‘सर्वांना सर्व’ची कळ चालू केली.

"फार्म्या, काय म्हणत होता तो?" भाचीने विचारलं.

"नावं," फार्मासिस्ट म्हणाला. त्याच्या बाजूने कागद उलटल्याचा आवाज आला. "तो म्हणजे स्टेशनच. चारशे वर्षांपूर्वी तिथली माणसं निघून गेली ना, ती सगळी कुठे कुठे पोचली ते. दोनशे बारा माणसं. सगळी सुखरूप पोचली. तेवढं कोणालातरी कळवल्याशिवाय त्याला जागा सोडायची परवानगी नव्हती, म्हणून टोपलीला धरून बसला होता बिचारा. मी सगळी लिहून घेतली."

"लिहून कशाला घेतलीस?"

"फोनवर कोणी यादी सांगायला लागलं की माझा हात आपोआप चालतो. शेवटी एकदा वाचूनही दाखवली त्याला." त्याने पेन खाली ठेवलं. "पुढच्या रविवारी दहालाच ना?"

"दहालाच," भाची म्हणाली, आणि उठून आतल्या खोलीच्या दारात गेली. "आत्या, ऐकलंस?"

"नाही," आत्या म्हणाली. हेडफोन तिच्या मांडीवर होते. "आणि तू सांगूही नकोस. त्याचं बोलणं पूर्ण झालं ना?"

"झालं."

"मग बास."

तेवढ्यात बोर्डावर पहिला दिवा लागला. कळ चालू असताना कोणाला बटण दाबायची गरज नव्हती, तरी कॅप्टनने दाबलं होतं. आत्याने हेडफोन चढवले आणि कळ बंद केली.

"बोला, कोण हवंय?"

"बाहेरची लाइन मिळेल का?" कॅप्टन म्हणाला. "आईला लावायचाय. मी स्वतः लावला की पहिल्या वाक्यात ‘नंतर करतो’ म्हणून ठेवतो. तुम्ही जोडून दिलंत तर कदाचित ठेवणार नाही."

"नंबर?"

आत्याने तो कागदावर लिहून घेतला, आपल्या मोबाइलवर लावला, पलीकडच्या बाईंना "तुमच्या मुलाचा कॉल आहे, लाइनवर राहा" असं सांगितलं आणि मोबाइलचा स्पीकर चालू करून तो हेडफोनला तोंड लावून टेबलावर ठेवला. मग ती भाचीला घेऊन खोलीबाहेर आली, दार ओढून घेतलं आणि राहिलेल्या दोन कड्या पडद्याला लावल्या.

बरोबर तीन मिनिटांनी ती आत गेली.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"वाढवा," दोन्हीकडून एकदम आवाज आला. एका वेळी एक, असं आत्या म्हणाली नाही.